दोन पैशांची वीज

धक्का मारून चालू झालेल्या गाडीचं एक दुखणं असतं. ज्यांनी धक्का मारला त्यांचे आभार मानायला तिला थांबता येत नाही.

हे मला कळलं ते करंजी घाटाच्या अलीकडे, रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास. नगरहून खताच्या 20 गोण्या पिकअपमध्ये टाकून तिसगावला परत येत होतो. (सरकारी कागदावर आता अहिल्यानगर, पण आमच्याकडचा माणूस घरातून निघताना अजून ‘नगरला चाललो’ असंच सांगून निघतो.) एका ढाब्यावर चहाला थांबलो. ओळखीचे एक गृहस्थ भेटले, चहावरून भजी झाली, भज्यांवरून जेवण झालं आणि गाडीचे दिवे बंद करायचे राहून गेले. बॅटरी तशीही 4 वर्षांची, जाते जाते म्हणत होतीच. बाहेर आलो तर हेडलाइट काजव्याएवढा उरला होता. चावी फिरवली. इंजिन गुरगुरायच्या ऐवजी बॉनेटखालून नुसतं टक्-टक्-टक् झालं, पाल चुकचुकावी तसं.

माणसं गोळा व्हायला वेळ लागला नाही. दोन ट्रकवाले, ढाब्यावरची तीन पोरं आणि पांढऱ्या टोपीतले एक बाबा. बाबा धक्का कमी आणि हुकूम जास्त देत होते. ‘‘सेकंड टाक. क्लच दाबून धर. मी म्हणलो की सोड, आधी सोडू नको!’’ टनभर खत भरलेली गाडी सपाटीवरून ढकलायची म्हणजे तोंडचं काम नाही. चपला खडीवर घसरत होत्या, कोणीतरी शिवी हासडली, कोणीतरी कानिफनाथांच्या नावानं चांगभलं केलं. बाबांची आरोळी आली, मी क्लच सोडला, गाडीनं मानेला झटका दिला आणि इंजिनानं धरलं. मी थांबायच्या बेतात होतो तर मागून सगळे एकदम ओरडले, ‘‘थांबू नको! जाऊ दे, जाऊ दे!’’

आरशात पाहिलं. ढाब्याच्या पिवळ्या उजेडात सहा जण उभे होते, हात झटकत. एक जण वाकून चप्पल शोधत होता. मी खिडकीतून हात काढून हलवला, तो त्यांना दिसला की नाही कोण जाणे. घाट आला, वळण आलं. त्यातल्या एकाचंही नाव मला आजवर माहीत नाही.

घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं होतं, पुन्हा कोणाला धक्का मारायला लावायचं नाही. पुढच्या आठवड्यात डबा घेतला.

डबा हे आमच्याकडचं नाव. विकणाऱ्यानं ‘पोर्टेबल जंप स्टार्टर’ म्हणून दिला. कापडात गुंडाळलेल्या पोथीएवढा, वजनानं किलोच्या आत. एका अंगाला बोटभर रुंदीची खाच, तिच्यात वायरीची जोडी बसते. वायरींच्या टोकाला दोन चिमटे, एक लाल, एक काळा. वर एक बटण आणि चार बारके दिवे. हा एवढासा डबा पिकअपच्या अवजड इंजिनाला उठवून बसवतो यावर माझा स्वतःचाही पहिल्या दिवशी विश्वास नव्हता. चालू गाडीवर जोडून बघण्यात अर्थ नाही आणि बघण्यासाठी गाडी मुद्दाम बंद पाडवत नाही, त्यामुळे दीड महिना तो सीटखाली नुसता पडून होता.

यंत्र चालू करणं हे काम मला लहानपणापासून ठाऊक आहे, कारण ते मला जमायचं नाही. आमच्या नानांच्या, म्हणजे चुलत्यांच्या, विहिरीवर किर्लोस्करचं 5 हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन होतं. डोक्यावरची लिव्हर उचलून ठेवायची म्हणजे आत हवा कोंडत नाही. मग हँडल गरगरा फिरवायचं. जड चाकानं वेग घेतला की लिव्हर पाडायची. फट्… फट्… मग विहिरीच्या काठावरचे पारवे उडायचे आणि आम्हाला कळायचं की पाणी आलं. नाना एक गोष्ट दर वेळी बजावायचे. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मूठ आवळायची नाही. इंजिनानं उलटं मारलं तर हँडल हाताला झिडकारून जातं. अंगठा पलीकडून वळलेला असेल तर तो गेला. नानांच्या स्वतःच्या उजव्या अंगठ्याचं पेर कायमचं वाकडं होतं. आपण शिकवतो ते आपण कसं शिकलो, हे त्यांनी कधी तोंडानं सांगितलं नाही. अंगठा दिसत होताच.

नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, 1994 साली सुरू झालेलं. मुलाला घेऊन गेलो होतो, तिथे रोल्स-रॉइसची जुनी चिलखती गाडी आहे. मुलगा तिच्या बंदुकीकडे बघत होता आणि मी तिच्या नाकाकडे. राजेरजवाड्यांना शोभणारी ही गाडी. पण त्या काळात असली गाडीसुद्धा समोर वाकून, हँडल मारूनच उठायची. पैसा कितीही असो, कोणाच्या तरी अंगठ्याला धोका होता. तो बहुधा मालकाचा नसायचा, एवढंच.

या हँडलातून सुटका केली ती चार्ल्स केटरिंग नावाच्या अमेरिकन माणसानं. 1912च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा विजेचा स्टार्टर बसला. आपण ज्याला ‘सेल मारणं’ म्हणतो ते तिथून आलं. मला त्यातली गंमत वाटते ती वेगळीच. हा केटरिंग आधी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवत होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटर दिवसभर फिरावी लागत नाही. क्षणभर जोर लावून गप्प बसली तरी भागतं. तेच त्यानं मोटारीला लावलं. छोट्या मोटरीकडून तिच्या ताकदीबाहेरचं काम करून घ्यायचं, पण चार-दोन सेकंदच. जास्त घेतलं तर जळेल. मी कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसणारा माणूस, तेव्हा हा शोध मला आमच्याच जातकुळीतला वाटतो. उधारीचंही असंच आहे. थोडा वेळ सगळ्यांना झेपते.

एकदा गिऱ्हाईक नसताना बिलबुकाच्या पाठीवर हिशेब मांडला. मध्यम डिझेल इंजिनाला सेल मारताना अडीचशे अँपियरचा प्रवाह धरा. तेवढ्या ओढीनं बॅटरीचा दाब 10 व्होल्टपर्यंत खाली येतो. म्हणजे अडीच हजार वॅट. घरातली इस्त्री दोन-अडीच वेळा. पण किती वेळ? 4 सेकंद. दहा हजार ज्यूल. एका युनिटमध्ये 36 लाख ज्यूल असतात, म्हणजे युनिटचा तीनशे साठावा भाग. एवढ्यावर 10 वॅटचा बल्ब सतरा मिनिटंही जळणार नाही. युनिटला 7 रुपये धरले तर किंमत झाली दोन पैशांच्या आतबाहेर. मी आकडे पुन्हा तपासले. घाटाच्या अलीकडे त्या रात्री मला कमी पडले होते ते दोन पैसे. टाकीत डिझेल होतं, इंजिन धडधाकट होतं, मागे टनभर माल होता. सगळं असून दोन पैशांसाठी अडलो होतो आणि त्या दोन पैशांच्या बदली सहा माणसांनी चपला झिजवल्या.

एकदा इंजिन चालू झालं की मग त्याला बॅटरीची गरज उरत नाही. डायनामो फिरू लागतो (नव्या गाड्यांत तो अल्टरनेटर असतो, पण आमच्याकडे सगळ्यांनाच डायनामो म्हणतात) आणि तो चौदा व्होल्टनं उलट बॅटरीलाच भरवू लागतो.

विरजणाचं असंच असतं. संध्याकाळी शेजारून चमचाभर आणायचं, सकाळी आपल्याकडे भांडंभर दही. माझ्या आजीच्या लहानपणी विस्तवसुद्धा मागून आणायचे. गोवरीच्या तुकड्यावर निखारा घेऊन पोरगी पळत यायची. देणाऱ्याच्या चुलीतलं काही कमी होत नाही. मात्र आजीचे नियम कडक होते. तिन्हीसांज झाल्यावर विरजण द्यायचं नाही, मीठ द्यायचं नाही, सुई द्यायची नाही. डब्याच्या बाबतीत हा नियम पाळायचा म्हटला तर कोणाचीच गाडी चालू व्हायची नाही. तो मागायला माणूस येतो तो बहुतेक दिवेलागणीनंतरच.

पहिल्यांदा तो वापरला तो माझ्या गाडीसाठी नव्हेच. रब्बीच्या पेरणीचे दिवस, जमिनीत ओल मोजकी. आमच्या पाथर्डी तालुक्यात ओल कोणाची वाट बघत थांबत नाही. सकाळी सहाला शेजारच्या वस्तीवरचे तात्या दारात. ट्रॅक्टर सेल घेत नव्हता. इतकी वर्षं त्यांचा ट्रॅक्टर रात्री उतारावरच लागायचा. चाकाखाली दगड, सकाळी दगड काढला की गाडी आपोआप घरंगळत चालू. बॅटरी मेली आहे हे त्यामुळे दोन वर्षं त्यांना कळलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी पेरणी यंत्र जोडायचं म्हणून सपाटीला लावला आणि घात झाला. एरवी दुसऱ्याचा ट्रॅक्टर आणून टोचन लावलं असतं, पण पेरणीच्या दिवशी दुसऱ्याचा ट्रॅक्टर रिकामा असतो कुठे?

बॅटरीचं झाकण काढलं. टर्मिनलवर पांढरट-हिरवी भुकटी जमून गड्डा झाला होता. लाल चिमटा लावला, दिवा लागेना. तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत ‘शहरातल्या वस्तू’ हे दोन शब्द स्पष्ट होते. मग घरातून तांब्याभर गरम पाणी आलं. ते ओतल्याबरोबर भुकटी फसफसून वाहून गेली आणि खालचं शिसं राखाडी, ओलं असं उघडं पडलं. पान्यानं खरवडलं. लाल चिमटा अधिकच्या खुणेवर. काळा मात्र बॅटरीवर न लावता लांब, इंजिनाच्या कोऱ्या लोखंडाला. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडायचीच असेल तर त्याच्यापासून दूर पडावी. ‘‘तात्या, विडी विझवा.’’ त्यांनी विझवली नाही, नातवाकडे दिली आणि नातवाला लांब उभं केलं. डब्यावरचा दिवा हिरवा झाला. सेल मारला. अर्ध्या फेरीत इंजिन अडखळलं, मग धूर, मग तो ठाय लयीतला ओळखीचा ठोका. चिमटे लगेच काढायचे असतात, अर्ध्या मिनिटाच्या आत, नाहीतर डायनामोचा उलटा दाब डब्यावर येतो. मी ते काढत असताना तात्या डब्याकडे बघत म्हणाले, ‘‘ह्यात एवढा जीव?’’

जीव आहे तो लिथियमचा. गाडीतली बॅटरी शिशाची. फ्रान्सच्या गास्ताँ प्लांतेनं ती 1859 साली केली आणि तिचा मूळ मासला अजून तोच आहे. सहा खण, प्रत्येकात शिशाच्या पट्ट्या आणि आम्ल, खणाला 2.1 व्होल्ट, सगळे मिळून 12.6. मजबूत, स्वस्त, जड. लिथियम-आयनच्या बॅटऱ्या बाजारात आल्या 1991 साली, आधी व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी. त्यामागच्या तिघांना 2019चं नोबेल मिळालं. तीच जात मोबाइलमध्ये आणि तीच या डब्यात. डब्यावर लिहिलेल्या अँपियरच्या आकड्यावर मात्र जाऊ नये. माझ्या पहिल्या डब्यावर 2000 लिहिलं होतं. लग्नाच्या पत्रिकेत नावापुढे पदव्या लावतात, तशातला तो प्रकार.

हा पहिला डबा पहिल्याच मे महिन्यात गेला, चूक माझीच. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बंद गाडीच्या काचेमागे तर भट्टी असते. तिथे तो दोन महिने ठेवला. काढला तेव्हा पोट फुगलेलं. लिथियमला ऊन सोसत नाही, फुगलेला डबा पेटूही शकतो. उचलून लांब मोकळ्यावर ठेवला तेव्हा हातात साप धरल्यासारखं वाटलं. तिसगावच्या बॅटरीवाल्यानं त्यावर मला ऐकवलं ते पुढे पटलं. तो म्हणाला, ‘‘शिशाची काय नि ही काय, बॅटरी मरते उन्हाळ्यात; लोकांना कळतं थंडीत.’’ उन्हानं आतलं पाणी उडतं, पट्ट्या गंजतात, पण उन्हाळ्यात इंजिनाचं तेल पातळ असल्यानं ती कशीबशी ढकलत राहते. डिसेंबरातल्या पहाटे तेल गुळाच्या पाकासारखं होतं, तेव्हा तिचं पितळ उघडं पडतं. याच माणसाकडे मी पाहिलंय, बॅटरीत डिस्टिल वॉटरऐवजी बोअरचं पाणी घातलेलं असलं तर तो काचेच्या नळीत आम्ल ओढून न बघता नुसता वासावरून ओळखतो म्हणतो. वासाचं मला खरं वाटत नाही. पण बोअरचं पाणी घातल्याचं तो अचूक सांगतो; कदाचित गिऱ्हाइकाच्या तोंडावरून.

या डब्याच्या आधी रस्ता एकच होता. दुसऱ्या गाडीची बॅटरी काढायची, गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घ्यायची आणि शेतापर्यंत न्यायची. लोकांच्या ट्रॅक्टरसाठी मी ते केलंय. त्या दिवशी काही दिसत नाही. शर्ट धुवायला पडला की मग खांद्यावर एकेक भोक उगवत जातं, चाळणीसारखं. आई म्हणायची, ‘‘लोकांच्या ट्रॅक्टरांनी ह्याचा तिसरा शर्ट खाल्ला.’’

दुसरा डबा घेतला तो जास्त जपून. पण तोवर बातमी पसरली होती.

मग काय, डबा गावचा झाला. बांधावर उभी असलेली जेसीबी, लग्नातला जनरेटर, दूध संकलनाचा टेम्पो, मढीच्या यात्रेत गाणी लावून बॅटरी घालवलेली जीप. मढी इथून जवळच. कानिफनाथांच्या यात्रेत रंगपंचमीच्या सुमाराला गाढवांचा बाजार भरतो, काठेवाडी गाढवं येतात, लांबलांबचे व्यापारी येतात. एका वर्षी तिथल्या वावरातल्या पार्किंगमध्ये मी ओळीनं तीन गाड्या चालू केल्या. शेजारी एक व्यापारी आपल्या गाढवांसह बसून शांतपणे बघत होता. तिसरी गाडी निघून गेल्यावर म्हणाला, ‘‘आमच्या मालाला हे लागत नाही.’’

फजितीही झाली. एका ट्रकला डबा लावायला गेलो आणि दोन बॅटऱ्या बघून एकीचं अधिक, दुसरीचं उणं असे चिमटे धरले. ट्रकच्या दोन बॅटऱ्या ओळीनं जोडलेल्या असतात, 24 व्होल्ट. पोकलेनचंही तसंच. माझा डबा 12चा. सुदैवानं त्यालाच माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती. लाल दिवा लावून टीं-टीं करत त्यानं काम नाकारलं. ट्रकचा क्लीनर, मिसरूड न फुटलेला पोरगा, मला म्हणाला, ‘‘काका, हे चोवीसचं काम आहे.’’ पन्नाशीतल्या माणसाला पोरानं काका म्हणून समजावणं, आणि तेही बरोबर समजावणं, हे जरा लागतंच.

डबा उसना देण्यात एक अडचण होती, तो परत रिकामा यायचा. आमच्यात शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करत नाहीत. निदान साखर तरी घालतात. डब्याची रीत कोणी ठरवलेली नव्हती. नेणारा गाडी चालू करायचा, मग लाइट गेलेली म्हणून त्यावर घरातले चार मोबाइल लावायचा, मग रात्री मोटर चालू करायला जाताना त्याचीच टॉर्च. परत येताना एक दिवा लुकलुकत असायचा, शेवटच्या घटका मोजल्यासारखा. एकदा माझीच गाडी अडली आणि माझाच डबा मेलेला. मी दोन दिवस घुश्शात होतो. बायको म्हणाली, ‘‘चार्जिंगला दोन पैसे लागतात असं तुम्हीच सांगत होता ना?’’ हिशेब तोंडपाठ असलेल्या माणसाला घरात सुख नसतं. तिसऱ्या दिवशी तो डबा नेणारा माणूस पिशवी घेऊन आला. पिशवीत हुरड्याची कणसं. गोवऱ्यांच्या आरात भाजण्याजोगी, दाणा अजून दुधातला. डब्याविषयी तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. तेव्हापासून मी डबा परत आला की न बघता चार्जिंगला लावतो.

धक्क्याचे दिवस मात्र भरत आलेत, ते काही डब्यामुळे नव्हे. जुन्या डिझेल इंजिनाचा पंप नुसत्या यंत्राच्या बळावर चालतो. चाक फिरवलं की डिझेल जातं, वीज असो नसो. एप्रिल 2020पासून प्रदूषणाचे बीएस-6 निकष लागू झाले आणि पेट्रोलच्या मोटरसायकलीसुद्धा संगणकाच्या तंत्रानं चालू लागल्या. 50 हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांनाही 2023पासून नवे निकष आले. आता बॅटरी पुरती मेली की पंपच चालत नाही, मेंदूच जागा होत नाही. गावानं मिळून ढकललं तरी गाडी ढिम्म. कित्येक मोटरसायकलींना तर किकच नाही. गेल्या वर्षी एका पोराची नवीकोरी गाडी चौकात बंद पडली. जुन्या सवयीनं चार-पाच जण मागून धावले, पार वेशीपर्यंत ढकलत नेली आणि घामाघूम होऊन एकमेकांकडे बघत उभे राहिले. इतकी माणसं असून त्यांचा उपयोग होत नव्हता. कोणीतरी म्हणालं, ‘‘जा रे, डबा आण.’’

दसऱ्यानंतर आमच्या भागातली गावं हलकी होऊ लागतात. ऊसतोडीला जायचे दिवस. वृद्धेश्वरचा कारखाना तालुक्यातच आहे. पण माणसं जातात ती बरीचशी लांब, सांगली-कोल्हापूरकडे, काही कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, लग्नाला, दवाखान्याला, बियाण्याला. एका कोयत्याची ती आता हजारांत मोजून भागत नाही. बियाण्यातला थोडा भाग माझ्याच गल्ल्यात येतो, हे मी नाकारत नाही. उचल हा शब्द मोठा अचूक आहे. उचलायला हलकी, फेडायला सहा महिने पाचट तुडवायचं. कधी फिटते, कधी पुढच्या सालावर चढते.

दिवाळी तोंडावर होती. दुकान बंद करत होतो तेव्हा एक पोरगा पळत आला. वस्तीच्या फाट्यावर ट्रॅक्टर उभा, मागे दोन ट्रॉल्या. शेवटच्या घराची माणसं यायची म्हणून ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि आता सेल घेईना. पावसाळाभर शेडमध्ये उभा असलेला ट्रॅक्टर, दुसरं काय होणार? 

गेलो. तिन्हीसांज झाली होती. ट्रॉल्यांमध्ये संसार रचलेला होता. हंडे, पत्र्याच्या पेट्या, ज्वारीची पोती, कोपी उभी करायचे बांबू आणि चटया, पाय बांधलेल्या कोंबड्या, एक शेळी. वर माणसं. एका पोराच्या पाठीला शाळेचं दप्तर होतं. आत पुस्तकं होती की कपडे, ते मी विचारलं नाही. खाली वीसेक माणसं उभी होती, हाडापेरानं मजबूत, जन्मभर मोळ्या वाहिलेली. पण दोन भरल्या ट्रॉल्यांसकट ट्रॅक्टर ढकलणं त्यांच्याही आवाक्यातलं नव्हतं.

मोबाइलच्या उजेडात झाकण उघडलं. तीच भुकटी. ट्रॉलीवरून एका बाईनं वाटेतल्यासाठी भरलेला चहाचा थर्मास खाली दिला. गरम चहानं टर्मिनल धुतलं. लाल चिमटा लावला. काळा लावताना हात जरा थांबला. खरं सांगायचं तर हे चाक आज फिरलं नाही तर बरं, असं एक क्षण मनात आलं होतं. मग लक्षात आलं की उचल माझ्या हातात नव्हती, चिमटा होता. लावला. हिरवा दिवा.

‘‘मार.’’

पहिल्या झटक्याला नुसता धूर. अर्धं मिनिट थांबलो, डब्यालाही श्वास घेऊ द्यावा लागतो. दुसऱ्या झटक्याला इंजिनानं धरलं आणि ट्रॉलीवरची पोरं उगाचच ओरडली, जत्रेला निघाल्यासारखी.

ड्रायव्हर वरून वाकला. ‘‘किती द्यायचे, शेठ?’’

‘‘दोन पैसे.’’

तो हसला. मी चेष्टा करतोय असं त्याला वाटलं असावं. मुकादम पुढून मोटरसायकलवर हॉर्न देत होता. ‘‘बंद करू नको आता,’’ मी म्हणालो, ‘‘पोचेपर्यंत बंद करू नको.’’

‘‘गुढीपाडव्याला आल्यावर देतो,’’ तो म्हणाला आणि गियर टाकला.

ट्रॉल्या एकेक करत झटका खाऊन हलल्या. डांबरी सडकेला लागेपर्यंत फुफाटा उडत राहिला, मग मागचा लाल दिवा निवडुंगे गावाच्या बाजूला वळला. दुसऱ्या ट्रॉलीवरून कोणीतरी हात हलवला. अंधार होता, चेहरा दिसला नाही. चिमटे माझ्या हातात तसेच होते, चहानं चिकट झालेले. मी ते विजारीला पुसले आणि हात झटकले.